सत्पात्री दान: नाशिकमध्ये देणगी कुणाला द्यायची, हे कसं ठरवायचं?

फेब्रुवारी संपत आला की फोनवर दोन तऱ्हेचे निरोप येऊ लागतात. एक सीए मंडळींचा: "देणगीच्या पावत्या असतील तर पाठवून द्या." दुसरे मदतीच्या हाकांचे. कुणाला आश्रमशाळेत सौर दिवे लावायचे असतात, कुणाला जखमी जनावरांसाठी गाडी घ्यायची असते, कुठे एका बाळाचं ऑपरेशन पैशांवाचून अडलेलं असतं. त्यात आता २०२७ च्या सिंहस्थाची भर पडली आहे. अन्नछत्र, पाणपोई, साधुसेवा, घाटाची स्वच्छता, आणि प्रत्येकाचा वेगळा क्यूआर कोड.

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या मार्चमध्ये विचारलं, "अरे, महिन्याला हजार रुपये द्यायचं मनात आहे. पण द्यायचं कुणाला? सगळेच चांगले दिसतात."

तिच्या प्रश्नाला आपल्याकडे जुना शब्द आहे: सत्पात्री दान. पात्र कोण हे बघणं दात्याचंच काम, हे त्या शब्दात धरलेलंच आहे. लासलगावच्या बाजारात व्यापारी कांद्याच्या ट्रॉलीचा वरचा थर बघून बोली लावतो, पण सौदा तिथे संपत नाही. ट्रॉली खाली होताना आतून वेगळा माल निघाला, तर वांधा होतो आणि भाव पुन्हा ठरतो. देणगीत ही सोय नाही. पैसे गेले की गेले. म्हणून आतला माल आधीच बघायचा.

संस्था म्हणजे कायद्याच्या भाषेत काय?

आपण सरसकट 'एनजीओ' म्हणतो, पण कायद्यात तसा एक प्रकार नाही. मुख्य तीन आहेत. पहिला सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट. लोकांच्या भल्यासाठी ठेवलेली मालमत्ता आणि ती सांभाळणारे विश्वस्त, असं त्याचं रूप. त्याला महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. दुसरा प्रकार १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी. तिला सभासद आणि कार्यकारिणी असते, आणि आपल्या राज्यात ती बहुधा ट्रस्ट म्हणूनही नोंदवलेली असते. तिसरा म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. ती धर्मादाय कार्यालयाच्या यादीत सापडणार नाही, कंपन्यांच्या यादीत सापडेल. न सापडली म्हणून लगेच तिला खोटं ठरवू नका.

पहिल्या दोन प्रकारांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. नाशिक विभागासाठी धर्मादाय सह आयुक्तांचं कार्यालय इथेच आहे. नोंदणी क्रमांकात एक अक्षर, मग आकडा आणि जिल्ह्याचं नाव असतं. 'ई' बहुधा धर्मादाय ट्रस्टला, 'एफ' सोसायटीला. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाकून शोधता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

गल्लीतलं मंडळ नोंदलेलं नसलं, तरी त्याला वर्गणी गोळा करायला १९५० च्या त्याच कायद्याच्या कलम ४१-सी खाली तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. सिंहस्थाच्या नावाने कुणी पावतीपुस्तक घेऊन दारात आलं, तर "परवानगीचा कागद दाखवता का?" एवढं शांतपणे विचारा. खरं मंडळ रागावत नाही. मी स्वतः तीन-चार वेळा विचारलं आहे. एकाने खिशातून घडी घातलेली प्रत काढून दाखवली, त्याला मी जास्त वर्गणी दिली.

हिशेब कळत नाहीत, मग तपासू काय?

कळतात. बँकेतल्या नोकरीमुळे मला ताळेबंद वाचायची सवय आहे, पण त्यासाठी बँकेत असावं लागत नाही. घरचा किराणा सांभाळणाऱ्याला हे जमतं.

संस्थेकडे मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागा. त्यात दोन तक्ते मुख्य असतात. ताळेबंद, म्हणजे वर्षाच्या शेवटी संस्थेकडे काय आहे आणि ती कुणाचं काय देणं लागते. आणि उत्पन्न-खर्च पत्रक, म्हणजे वर्षभरात काय आलं, काय गेलं. दुसऱ्या तक्त्यात 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च' असं सदर असतं: शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना मदत, धार्मिक, इतर. आधी तिथे बोट ठेवा. संस्था तोंडाने आदिवासी मुलींच्या शिक्षणाचं बोलते आणि शैक्षणिक खर्चासमोर डॅश आहे, तर विचारायला हवं. मग भाडं बघा: जागा एखाद्या विश्वस्ताचीच आहे का? मग मुदत ठेवी बघा. आयकराच्या नियमाप्रमाणे ट्रस्टने साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के कामावर लावायचे असतात. बाकीचे राखून ठेवता येतात. ठेवी असणं चांगलंच, आजारपणाला चार पैसे बाजूला हवेतच. पण ठेवी दरवर्षी फुगतात आणि काम आहे तिथेच आहे, असं तीन वर्षं दिसलं, तर तुमच्या हजार रुपयांची गरज दुसरीकडे जास्त आहे.

आणखी एक गोष्ट बघायची, विश्वस्तांची नावं. सगळे एकाच आडनावाचे असले म्हणजे घोटाळा आहे असं नाही. पुष्कळ चांगली कामं एका घराने उभी केली आहेत. पण बाहेरचा एकही माणूस नसेल, तर चुकीला "थांबा" म्हणणारं कुणी नसतं. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. बारा वर्षांपूर्वी वारलेले अध्यक्ष अजून कागदावर अध्यक्ष असतील, तर बाकीचा कारभारही तसाच चालत असण्याची शक्यता असते.

आधी काम निवडा, संस्था नंतर

आपण बहुतेक वेळा संस्थेपासून सुरुवात करतो: कुणी ओळखीचं आलं, फोटो पाहिला, डोळ्यांत पाणी आलं, पैसे दिले. मी उलट क्रम सुचवतो. आधी ठरवा की आपल्या जिल्ह्यातलं कोणतं दुःख आपल्याला स्वस्थ बसू देत नाही. मग त्यावर कोण काम करतं ते शोधा.

नाशिक जिल्हा पंधरा तालुक्यांचा आहे आणि त्यांची दुखणी एकसारखी नाहीत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पश्चिमेच्या पट्ट्यात धो धो पाऊस पडतो. तरी मार्च-एप्रिलमध्ये बाया खोल विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरतात. खाली काळा पाषाण आहे, वर तीव्र उतार. पाणी मुरत नाही, वाहून जातं. तिथे टँकरला दिलेली देणगी त्या आठवड्याची तहान भागवते. झऱ्याचं पाणी टाकीत अडवून पाइपने पाड्यावर आणायला दिलेली देणगी पुढची कित्येक वर्षं हंडे उतरवते. दोन्ही लागतात, आपण कशाला देतो आहोत हे मात्र माहीत असावं.

याच तालुक्यांतली कुटुंबं दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर आणि शहरातल्या मजूर नाक्यांवर येतात. मुलं सोबत येतात आणि शाळा मागे राहते. मालेगावची दुखणी यंत्रमागांची, सातपूर-अंबडची कंत्राटी कामगारांच्या पाळणाघरांची, नांदगाव-येवल्याची दुष्काळाची. जानेवारीत नायलॉन मांजाने कापलेले पक्षी आणि माणसांचे गळे, हाही आपल्याच जिल्ह्याचा प्रश्न आहे.

आणि केवळ दुःख निवारणारं कामच दानाला पात्र असतं असं नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये सुरू झालं; पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी वर्गण्या दिल्या म्हणून ते टिकलं. गाडगेबाबांनी नाशिकमध्ये धर्मशाळा उभारली ती लोकांच्याच पैशांतून, आणि उभारून झाल्यावर कारभार ट्रस्टच्या हाती दिला. फाटकं पांघरून हातात झाडू घेतलेल्या त्या माणसाला हिशेबाचं मोल कळलं होतं.

जवळच्या कामाचा मोठा फायदा म्हणजे तिथे जाऊन बघता येतं. सकाळी पेठला निघालात तर जेवायला घरी याल. बारा राज्यांत काम करणाऱ्या संस्थेला दिलेले पैसे वाया जातात असं मला म्हणायचं नाही, पण तिच्या कामाचं दार तुम्ही ठोठावू शकत नाही.

"पण अर्धे पैसे पगारातच जातात ना?"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला आहे, आणि त्याने चांगल्या संस्थांचं फार नुकसान केलं आहे. म्हणून थोडं थांबून बोलतो.

द्राक्षाची बाग वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. एप्रिलच्या छाटणीतून एकही घड मिळत नाही. मजुरी, खत, औषध, उन्हाळ्यातलं पाणी, सगळा खर्च आणि हातात शून्य. पण त्याच महिन्यांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते; ऑक्टोबरनंतर बागेत दिसतो तो माल तिथे ठरलेला असतो. "मी फक्त ऑक्टोबर छाटणीचे पैसे देईन" असं म्हणणाऱ्याच्या बागेत घड कुठून लागणार?

संस्थेतल्या कार्यकर्तीचा पगार, तिचं प्रशिक्षण, हिशेबनीसाची फी, गाडीचं पेट्रोल ही खरड छाटणी आहे. कुपोषित मुलाला खाऊचं पाकीट देणं सोपं. त्याच्या आईला दर आठवड्याला भेटून वजन घेणारी, गरज पडली तर ग्रामीण रुग्णालयात घेऊन जाणारी ताई हेच खरं काम, आणि ते पगारावर चालतं. समुपदेशन, शिकवणी, कायद्याची मदत, अंधांना काठीचं प्रशिक्षण: या सगळ्यांत माणूस हाच खर्च असतो. तिथे "पगारावर किती टक्के?" हा प्रश्न शाळेला "शिक्षकांवर किती टक्के?" विचारण्यासारखा होतो.

मग काहीच विचारायचं नाही? विचारायचं. कार्यालयाच्या सजावटीवर, फलकांवर आणि सत्कार समारंभांवर किती गेले, विश्वस्तांनी स्वतः किती घेतले, हे विचारायचं. आणि पगार घेणारा माणूस कामाच्या जागी सापडतो का, ते पाहायचं.

वस्तू द्याव्या की पैसे?

काही वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी साठ ब्लँकेटं घेतली आणि डिसेंबरच्या एका रविवारी पेठकडच्या वसतिगृहात गेलो. फोन करून विचारलं नव्हतं. चांगलं काम आहे, विचारायचं काय, असं वाटलं. अधीक्षिका बाईंनी आदराने चहा दिला, मुलींनी गाणं म्हटलं, फोटो झाले. निघताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, राग मानू नका. ब्लँकेटं या हिवाळ्यात तिसऱ्यांदा आली. न्हाणीघराची पाइप फुटलीय दोन महिने झाले, पाइपला कुणी देत नाही." खोलीच्या कोपऱ्यात प्लास्टिकसकट ठेवलेले ब्लँकेटांचे दोन ढीग मला तेव्हा दिसले.

पाइपचा फोटो चांगला येत नाही, एवढाच तिचा दोष होता. तेव्हापासून मी आधी फोन करतो आणि एकच विचारतो: "या महिन्यात तुमचं काय अडलंय?"

वाढदिवसाच्या जेवणाचंही असंच. पंधरा ऑगस्टला एकाच बालगृहात चार घरांतून शिरा येतो आणि जूनमध्ये वह्या कमी पडतात. शिवाय बालगृहात गेलात तर मुलांसोबत फोटो काढून टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. जी संस्था स्वतःच मुलांना ओळीत उभं करून फोटो काढू देते, तिच्याबद्दल माझ्या मनात शंका येते.

वस्तू द्यायचीच असेल, तर मागितलेली, नवी किंवा आपण स्वतः वापरली असती अशी द्या. रामकुंडावर सोडलेले जुने कपडे दान होत नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणालातरी ते पाण्यातून उपसावे लागतात.

करात सूट म्हणजे पैसे परत मिळतात का?

नाही. इथे गैरसमज फार आहे. समजा, तुम्ही आयकराची ८०जी मान्यता (म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता) असलेल्या संस्थेला १०,००० रुपये दिले. बहुतेक स्थानिक संस्थांच्या बाबतीत त्यातली निम्मी रक्कम, ५,००० रुपये, तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचतात साधारण १,००० रुपये. बाकीचे ९,००० तुमच्या खिशातून गेले, आणि तेच खरं दान.

अटीही आहेत. ही सवलत जुन्या करपद्धतीत मिळते. नवी पद्धत घेतली असेल तर मिळत नाही. २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख दिली तर ती धरली जात नाही. वस्तूंवर सवलत नाही. एकूण उत्पन्नाच्या प्रमाणात वरची मर्यादाही असते. २०२१-२२ पासून नुसती पावती पुरत नाही. संस्था आयकर खात्याकडे देणगीदारांची यादी भरते आणि तुम्हाला १०बीई नावाचं प्रमाणपत्र मिळतं, साधारण मे अखेरपर्यंत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा भरण्याआधी सीएला विचारून घ्या. संस्थेच्या ८०जी मान्यतेला मुदतही असते. २०२१ नंतर सगळ्याच संस्थांना ती नव्याने घ्यावी लागली. पावतीवर छापलेला जुना क्रमांक पुरेसा नाही.

"तुम्ही एक लाख द्या, आम्ही नव्वद हजार रोख परत देतो" असं कुणी सुचवलं, तर ती करचोरी आहे आणि तुम्ही तिचे भागीदार. माझ्या ओळखीच्या एका सज्जन माणसाला हे नोटीस आल्यावर कळलं.

ज्यांना कर लागतच नाही किंवा ज्यांनी नवी पद्धत घेतली आहे, त्यांना ८०जीची गरज नाही. छोट्या, तरुण संस्था त्यांच्यासाठी मोकळ्या आहेत. मावशी त्यातलीच.

व्हॉट्सॲपवरच्या ऑपरेशनचं काय करायचं?

इथे घाई खरी असते, आणि फसवणूकही खरी असते. संदेश पुढे पाठवण्याआधी रुग्णालयाला फोन करा आणि समाजसेवा अधीक्षकांना विचारा. द्यायचं तर रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकासह द्या. संदेशातल्या कुणाच्या खासगी यूपीआयवर नको.

त्याआधी त्या घराला दोन गोष्टी सांगणं कित्येकदा पैशांपेक्षा मोलाचं ठरतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. आणि धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १९५० च्याच कायद्याच्या कलम ४१-एए खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे माहीत नसल्याने दागिने मोडणारी घरं मी पाहिली आहेत.

पैसे नसतील तर रक्त आहे. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी रक्त देता येतं.

"माझ्या पाचशे रुपयांनी काय होणार?"

एकदा दिलेल्या पाचशेने फारसं नाही. दर महिन्याला न चुकता आलेल्या पाचशेने पुष्कळ. मोठ्या कंपन्या सामाजिक दायित्वाचा निधी देतात तेव्हा तो बहुधा ठरावीक प्रकल्पाला, ठरावीक मुदतीसाठी असतो. इमारत मिळते, तिचं वीजबिल मिळत नाही. ती फट तुमच्याआमच्या छोट्या, विनाअट पैशांनी भरते. म्हणून संस्था पारखून झाली की पावतीवर 'सर्वसाधारण निधी' लिहायला सांगा. 'कायम निधी' लिहिलंत तर रक्कम ठेवीत जाते आणि फक्त व्याज खर्चता येतं. तेही चांगलं, पण समजून करा. सात ठिकाणी शंभर-शंभर देण्यापेक्षा दोन ठिकाणी द्या. प्रत्येक देणगीची पावती, नोंद आणि आभाराचं पत्र यांतही संस्थेचा वेळ जातो.

बघूनही फसलो तर?

ट्रस्टच्या कारभाराबद्दल धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करता येते, चौकशी लागू शकते आणि दोषी विश्वस्तांना दूर करता येतं. वेळ लागतो, हे खरं. पण एक संस्था वाईट निघाली म्हणून देणंच बंद करू नका. त्या खोट्या संस्थेला तुमच्या हात आखडण्याने काही होत नाही. फटका बसतो तो शेजारच्या खऱ्या संस्थेला.

भेटीला जाल तेव्हा सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: "मागच्या वर्षी काय फसलं?" काम करणाऱ्याकडे याचं उत्तर तयार असतं. देखावा करणाऱ्याकडे नुसते पुरस्कार असतात.

मावशीने सुरगाण्याकडच्या एका छोट्या वसतिगृहात जाऊन हाच प्रश्न विचारला. तिथल्या ताई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, सहावीतल्या दोन मुली दिवाळीनंतर आल्याच नाहीत. आई-बापासोबत बागेवर गेल्या. आणायला जायचं होतं, पण तेव्हा गाडीत घालायला पैसे नव्हते." मावशीचे महिन्याचे हजार रुपये आता त्या ताईंच्या स्कूटरच्या पेट्रोलला जातात. दिवाळीची सुट्टी संपली की ताई दिंडोरीच्या बागा फिरतात.